मोसंबीची भाजलेली साल आणि आपली कोयती

वडीगोद्री परिसरात सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न आहे: आंबे बहाराच्या मोसंबीला एका अंगानं पिवळे चट्टे पडलेत, काय मारू? काही मारू नका. हा रोग नाही, उन्हानं साल भाजली आहे. खात्री करायची तर चट्ट्याची दिशा पाहा. झाडाच्या दक्षिण-पश्चिम अंगाची, बाहेर आलेली फळं आणि त्यांचीही उन्हाकडची बाजूच खराब दिसेल; फळ फिरवलं की मागं हिरवंगार. बुरशी दिशा पाहून येत नाही. तरी दुकानदारानं दिलेल्या तीन-तीन बाटल्या एकत्र करून फवारणं चालूच आहे. भाजलेली साल कोणत्याही औषधानं परत हिरवी होत नाही. ती कडक, तपकिरी होते, आतल्या फोडी त्या बाजूला कोरड्या पडतात.

हवेचा पारा ४२ अंशांवर असला, तरी थेट उन्हातल्या फळाची साल त्याहून दहा-बारा अंश जास्त तापू शकते. पान पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवतं, फळाला ते फारसं जमत नाही. वर अतिनील किरणांचा मारा. त्यातही सावलीत वाढलेलं फळ अचानक उघडं पडलं, तर सगळ्यात आधी भाजतं, कारण त्याच्या सालीला उन्हाची सवयच नसते.

आणि उघडं पाडतो कोण? शहागडकडच्या एका बागेत ट्रॅक्टर आत फिरावा म्हणून ऐन एप्रिलात खालच्या फांद्या छाटल्या होत्या. पश्चिमेकडच्या ओळींत बाहेरचं फळ शोधूनही धड सापडेना. बांधापलीकडे, त्याच वयाच्या बागेत छाटणी नव्हती आणि चट्टेही क्वचितच होते. तिथल्या मालकानं केलं असेल तर इतकंच, की आळस केला! तेव्हा कोयती आता खुंटीला टांगा. सल काढायची ती फळं तोडल्यानंतर.

दुसरी उधळपट्टी पाचटाची. ऊस तुटला की पाचट पेटवायचं आणि शेजारच्या मोसंबीच्या आळ्यात माती उघडी तापत ठेवायची, हे मला कधीच समजलेलं नाही. तेच पाचट चार-पाच इंच जाड अंथरा, बुंध्यापासून वीतभर दूर. डाव्या कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहत जमिनीला भेगा पडू द्यायच्या आणि मग एकदम पाणी तुंबवायचं, तर चट्ट्यांसोबत फळगळही होणार. थोडं थोडं, रात्री किंवा पहाटे द्या. मृग बहारासाठी ताणावर सोडलेल्या बागांना पाण्याचं हे लागू नाही. मात्र तिथं पानं झडून खोड उघडं पडतं, म्हणून बोर्डो पेस्ट (मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर) जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लावाच. मोरचूद लोखंडी बादलीत कालवू नका.

फवारायचंच असेल तर केओलिन: १० लिटर पाण्यात ५०० ग्रॅम, सोबत स्टिकर. ही पांढरी माती तळाशी बसते, म्हणून सतत ढवळा, नाहीतर नोझल तुंबेल. उन्हाकडच्या बाजूचं फळ नीट माखलं पाहिजे. वळवाच्या सरीनं ती धुतली गेली, तर पुन्हा फवारा. ताक, तुरटी, गोमूत्र यांनी ऊन अडत नाही. कोळीसाठी गंधक आणून ठेवलंय म्हणून या उष्म्यात ते मारणाऱ्यांनी तर कमाल केली. चाळिशीतल्या पाऱ्यात गंधकच साल जाळतं.

जाता जाता माणसांच्या कातडीचं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे दुपारी अतिनील निर्देशांक अनेकदा ११ च्या पुढे जातो. जागतिक आरोग्य संघटना तीनपासूनच काळजी घ्यायला सांगते. साडीवर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला रुमाल बांधणाऱ्या बाया बरोबर करतात, बनियनवर फवारणारे गडी चूक. उन्हानं रापलेले हात-तोंड लिंबानं चोळायची खोड मात्र दोघांनीही सोडावी. लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं अतिनील किरणांत कातडीला भाजतात, फोड येतात आणि मागे उरलेला काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. लिंबू तोडून झालं की हात साबणानं धुवा आणि फवारणी सकाळी नऊच्या आत उरका.