नवाचा भाग

एका पेढीवर मी रोजकीर्द लिहितो. एके सायंकाळी हातची शिल्लक वहीपेक्षा ४५ रुपयांनी कमी भरली. पदरचे पैसे घालून मोकळे व्हावे, असा मोह झाला. वृद्ध मुनीम म्हणाले, "अरे, फरकाला नवाने भाग जातो का, ते आधी बघ. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नवाच्याच पटीत येतो." शोध घेता, २७ रुपयांची जमा मी ७२ लिहिल्याचे आढळले. पैसे भरले असते तर शिल्लक जुळली असती; परंतु गिऱ्हाइकाच्या खाती ४५ रुपये अधिक जमा राहून मालकाचे तेवढे येणे बुडाले असते. वाचकहो, चूक झाकल्याने हिशेब जुळतो, खरा होत नाही. ती शोधून स्वहस्ते दुरुस्त करावी, हेच चोख वर्तन होय.