ऑनलाइन व्यवसाय : विक्री वाढते, रोकड का आटते?

संगणक व मोबाइल यांच्या साहाय्याने घरबसल्या दुकान थाटणे आता फारसे कठीण राहिलेले नाही. गाळ्याची अनामत नाही, फर्निचरचा खर्च नाही. त्यामुळे ऑनलाइन व्यवसाय अल्प भांडवलात चालतो, असा समज रूढ झाला आहे. कर्जासाठी सादर होणाऱ्या प्रकल्प अहवालांत संकेतस्थळ, संगणक आणि जाहिरात यांचा खर्च तपशीलवार मांडलेला आढळतो. खेळत्या भांडवलाचा रकाना मात्र पुष्कळदा नाममात्रच भरलेला असतो. वस्तुतः या व्यवसायाची खरी कसोटी त्याच रकान्यात लागते.

पूर्वानुभव काय सांगतो?

भारतातील ऑनलाइन विक्रीच्या आद्य प्रयत्नांपैकी 'फॅबमार्ट' हा उपक्रम १९९९ मध्ये बंगळूर येथे सुरू झाला. पुढे 'इंडियाप्लाझा' या नावाने चाललेला त्याचा ऑनलाइन व्यवसाय भांडवलाअभावी २०१३ मध्ये बंद पडला. फॅबमार्टच्या संस्थापकांपैकी काहींनी मात्र २०११ मध्ये 'बिगबास्केट'च्या उभारणीत भाग घेतला आणि तो व्यवसाय देशभर पसरला. व्यवसायाची जाण आणि तंत्रज्ञान हाताशी असले, तरी भांडवलाचा ओघ आटल्यास उपक्रम तग धरू शकत नाही, हा यातील बोध होय.

अनोळखी विक्रेत्याला आगाऊ पैसे देण्यास भारतीय ग्राहक प्रारंभी कचरत असे. 'फ्लिपकार्ट'ने २०१० मध्ये माल हाती पडल्यावर पैसे देण्याची सोय उपलब्ध केली आणि ग्राहकाचा संकोच दूर झाला. परंतु प्रतीक्षेचा व परत येणाऱ्या मालाचा भार त्यामुळे विक्रेत्यावर आला. २०१६ मध्ये आलेल्या यूपीआयने पैसे देणे सुलभ केले. तथापि माल परत येण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही.

नफ्याचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हिशेब सोपा राहावा म्हणून त्यातून कर वगळले आहेत. एका विक्रेत्याकडे महिन्यात १०० सुती साड्यांची मागणी आली. साडीची खरेदी किंमत ६०० रुपये आणि विक्री किंमत १,००० रुपये. वरकरणी नफा ४०,००० रुपये दिसतो. आता १५ टक्के दलाली आणि प्रत्येक साडीमागे कुरिअरचे ७०, वेष्टनाचे २० व जाहिरातीचे ५० रुपये वजा केल्यास ११,००० रुपये उरतात.

या १०० पैकी २० साड्या परत आल्या, तर विक्री ८०,००० रुपयांवर येते. विकलेल्या मालाची खरेदी ४८,००० व दलाली १२,००० रुपये. कुरिअर, वेष्टन व जाहिरात यांचे १४,००० रुपये पूर्वीइतकेच राहतात आणि परतीच्या कुरिअरचे १,४०० रुपये वाढतात. शिल्लक राहतात अवघे ४,६०० रुपये. परत आलेल्यांपैकी चार साड्या खराब निघाल्यास आणखी २,४०० रुपये जाऊन नफा २,२०० रुपयांवर घसरतो.

रोकडीचे चक्र

नफ्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेळेचा आहे. समजा, विणकराला रोख पैसे दिले; माल २० दिवस घरी राहिला; पोहोचण्यास ५ दिवस लागले; परतीची मुदत ७ दिवसांची आणि त्यानंतर पैसे जमा होण्यास ८ दिवस. म्हणजे गुंतवलेला रुपया ४० दिवसांनी परत येतो. दरमहा ६०,००० रुपयांची खरेदी असल्यास केवळ मालातच ८०,००० रुपये अडकून पडतात. विक्री दुप्पट झाली की हीच गरज १,६०,००० रुपयांवर जाते. दिवाळीच्या हंगामात मागणी वाढूनही विक्रेत्याची ओढाताण होते, त्याचे मर्म येथे आहे.

यात करकपातीची भर पडते. इतरांच्या बाजारमंचावरून माल विकल्यास मंचचालक जीएसटीपोटी ०.५ टक्के रक्कम वसूल करतो. १० जुलै २०२४ पूर्वी हा दर १ टक्का होता. ही रक्कम विक्रेत्याला नंतर खात्यात मिळते, परंतु तोपर्यंत ती हाती नसते. अशा मंचावरून परराज्यांत माल विकणाऱ्यास सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी आवश्यक ठरते. केवळ स्वतःच्या राज्यात विकणाऱ्या लहान विक्रेत्यांना १ ऑक्टोबर २०२३ पासून काही अटींवर सूट आहे. तसेच ई-वाणिज्यविषयक ग्राहक संरक्षण नियम, २०२० अन्वये तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व तिचे निवारण एका महिन्यात करणे बंधनकारक आहे. या कामासाठी लागणारे मनुष्यबळही खर्चात धरावे.

बँकेकडे येताना

१. व्यवसायाचे सर्व व्यवहार स्वतंत्र चालू खात्यातून करावेत. घरखर्चात मिसळलेल्या जमेवरून विक्रीचा अंदाज बांधता येत नाही.
२. मागणी, प्रत्यक्ष विक्री आणि परत आलेला माल यांची दरमहा स्वतंत्र नोंद ठेवावी.
३. संगणकादी साधनांसाठी मुदत कर्ज आणि मालासाठी कॅश क्रेडिट अशी मागणी वेगवेगळी करावी. मुदत कर्जाची रक्कम साठ्यात अडकली, तर पहिल्याच हप्त्याला अडचण उद्भवते.
४. उद्यम नोंदणी करून घ्यावी. १ जुलै २०२० पासून उपलब्ध असलेली ही नोंदणी विनामूल्य आहे. मुद्रा योजनेखालील 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत, 'किशोर' गटात ५ लाखांपर्यंत आणि 'तरुण' गटात १० लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते.
५. एकाच मंचावर विसंबू नये. त्याने दलाली वा परतीचे नियम बदलल्यास सारे गणित एका दिवसात कोलमडू शकते.

अधिकारी बंधुभगिनींनीही अशा प्रस्तावांची छाननी करताना एकूण मागणीच्या आकड्यावर न थांबता परतीचे प्रमाण आणि पैसे जमा होण्याचा कालावधी अवश्य विचारावा. ज्या अर्जदाराकडे या दोन प्रश्नांची लेखी उत्तरे आहेत, त्याने आपला व्यवसाय पुरेसा जाणला आहे, असे समजण्यास हरकत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही जुनी शिकवण या नव्या बाजारपेठेतही तितकीच खरी आहे. मात्र येथे अंथरुणाची लांबी विक्रीच्या आकड्याने नव्हे, तर खात्यात प्रत्यक्ष जमा झालेल्या रकमेने मोजावी.