काठीहून इंदूर सरळ वर दिसतं, मग खाली का उतरायचं?

प्रश्न : आम्हाला नाशिकहून इंदूरला बहिणीकडे जायचं आहे. आग्रा रोडने एका दिवसात पोहोचता येतं, पण या फाल्गुनात सातपुड्यातून, काठीची राजवाडी होळी बघत, चार-पाच दिवस घेऊन जावं असं घरात चाललं आहे. नकाशावर काठीहून इंदूर ईशान्येला, अगदी समोर दिसतं. तरी ज्याला विचारावं तो म्हणतो, काठीहून परत शहाद्याकडे उतरा. एवढा घाट चढायचा आणि पुन्हा खाली यायचं, हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सांगणारे बरोबर सांगतात. तुमच्या वाटेत आडवी येते ती नर्मदा. अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) या दोन तालुक्यांच्या उत्तर टोकाला महाराष्ट्र संपतो तो नदीकाठावर, आणि या पट्ट्यात गाडी पार नेणारा एकही पूल नाही. आता तर ती नदीही राहिलेली नाही, सरदार सरोवराचा फुगवटा आहे. धरणाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर. आपल्या राज्यातली ३३ गावं या पाण्याने बाधित झाली, त्यांत मणिबेलीचं नाव सर्वांत आधी येतं. काठावरची माणसं बोटीने ये-जा करतात, तुमची गाडी मात्र तिथे थांबते. पूल हवा तर खाली गुजरातेत गरुडेश्वरला जा, नाहीतर वर मध्य प्रदेशात बडवानीकडे. इंदूर गाठायचं म्हणजे बडवानीचीच बाजू धरावी लागते, आणि तिकडची वाट शहाद्यावरून जाते.

नाशिक ते इंदूर आग्रा रोडने चारशे-सव्वाचारशे किलोमीटर पडतं. तुमच्या वाटेने अंतर बरंच वाढेल, पण खरा हिशोब वेळेचा आहे. अक्कलकुव्यापर्यंत किलोमीटर मोजा, त्यापुढे तास मोजा. घाटात मोबाइलचा नकाशा जो वेळ दाखवतो तो मला नेहमीच आशावादी वाटतो, आणि रेंज गेली की तोही दिसत नाही. मुख्य फाटे आधीच कागदावर लिहून ठेवा.

पहिल्या दिवशी नंदुरबार गाठा. सटाणा, ताहाराबाद, मग सेलबारीचा घाट, पिंपळनेर, साक्री, निजामपूर अशी वाट आहे. धुळ्यावरून हमरस्त्याने जाण्यापेक्षा ही शांत आणि मांगी-तुंगीचे सुळके दाखवणारी. मिरचीचा हंगाम सरत आला नसेल तर नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथारी दिसतील. काच खाली करण्याआधी विचार करा, ठसका लागतो.

आता होळी. तुमचं सगळं वेळापत्रक त्या एका रात्रीवरून उलटं मांडायला हवं. काठी हे पूर्वीच्या पश्चिम खानदेशातल्या सहा मेवासी संस्थानांपैकी एक, आणि इथली होळी १२४६ पासून चालत आल्याचं काठीकर सांगतात. आपल्याकडे तिन्हीसांजेला होळी पेटते. काठीत रात्रभर ढोल आणि नाच चालतो आणि होळी पेटते ती पहाटे. दांडा म्हणजे गुजरातच्या जंगलातून आणलेला उंच बांबू. तो उभा करायचा खड्डा हत्यार न लावता, हातांनी उकरतात. अंगावर पांढरे ठिपके, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं आणि वाळलेले भोपळे अशी जी माणसं दिसतील, ते बुध्या किंवा बावा. त्यांचा नवस असतो. कित्येक दिवस खाटेवर झोपायचं नाही, पायांत चप्पल घालायची नाही, असे नेम पाळून ते तिथे आलेले असतात. फोटो काढायचा तर आधी विचारा, नाही म्हणाले तर कॅमेरा खाली ठेवा. ड्रोन घरीच राहू द्या.

म्हणजे दुसऱ्या दिवसाचं सर्वांत मोठं काम झोप. गाडी चालवणाऱ्याने नंदुरबारला किंवा तळोद्याला दुपारपर्यंत ताणून द्यावी. तापी ओलांडून तळोदा, मग अक्कलकुवा. तिथे टाकी पूर्ण भरा, पुढे कुठेतरी पंप असेल यावर विसंबू नका. देवगोईचा घाट उजेडात चढायचा, मोलगी, आणि दिवस मावळायच्या आत काठी. गावात हॉटेल आहे असं धरून जाऊ नका. जेवण, पाणी, पांघरूण बरोबर हवं. फाल्गुनातही डोंगरावर पहाटे गारवा असतो. होळी पेटली की सगळ्या जिपा एकदम निघतात, माणसं टपावरही असतात आणि चालकही रात्रभर जागलेले. त्या गर्दीत शिरू नका. गाडीतच दोन-तीन तास डोळा लावा, मग मोलगीला जाऊन चहा घ्या. तिथली भगर आणि आमचूर बहिणीसाठी घ्यायला विसरू नका.

एक दिवस जास्त असेल तर होळीच्या आधीच्या आठवड्यात या आणि भोंगऱ्या बाजार बघा. मोलगी, धडगाव या बाजारांना डोंगरभरातून माणसं उतरतात. माझ्या मते घाईघाईने तोरणमाळ उरकण्यापेक्षा हा बाजार कधीही सरस.

मोलगीहून धडगाव. इथून तळोद्याकडे चांदसैलीचा घाट उतरतो. शहाद्याला जायचं असल्याने तुम्हाला त्याची गरज नाही, आणि पावसाळ्यात आलात तर त्याच्या वाटेला जाऊ नका. सप्टेंबर २०२१ मध्ये या घाटात दरड कोसळून रस्ता अडला, तेव्हा आजारी बायकोला खांद्यावर घेऊन निघालेल्या नवऱ्याची बातमी राज्यभर छापून आली होती. ती दवाखान्यापर्यंत पोहोचू शकली नाही. तुम्ही ज्या वळणावर दरीचा फोटो काढायला गाडी आडवी लावाल, तोच या लोकांचा दवाखान्याचा रस्ता आहे. गाडी कडेला, पूर्ण कडेला लावा.

धडगावहून शहाद्याच्या दिशेने उतरून मुक्काम शहाद्याला करा. दुसऱ्या दिवशी म्हसावद, राणीपूर करत सातपायरीच्या घाटाने तोरणमाळ. यशवंत तलाव, सीताखाई बघून संध्याकाळी परत खाली. सीताखाईचा धबधबा मार्चमध्ये कोरडा असेल, पण दरी काही कुठे जात नाही.

शेवटच्या दिवशी खेतिया, पानसेमल, बडवानी. बडवानीजवळ बावनगजाला ८४ फुटी आदिनाथ डोंगरात कोरलेला आहे, तासभर तिथे द्याच. पुढे बडवानीचाच पूल ओलांडून मनावर-धारवरून जाता येतं, पण मी अंजड, ठीकरीकडून आग्रा रोडला लागेन. खलघाटला नर्मदा एकदाची ओलांडायची, मानपूरजवळ विंध्याचा घाट चढायचा, की महू आणि इंदूर.

परतताना मात्र सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळे असे मुकाट्याने आग्रा रोडनेच या. एवढ्या जागरणानंतर पुन्हा देवगोई नको.