कड्यावरचे झाड कुंडीत

बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, असे आमच्याकडे पुष्कळांचे मत आहे. तारेने गुंडाळलेली फांदी पाहिली की माणसे हळहळतात. या मताचा विचार करायचा तर ती तार नेमके काय करते हे आधी समजून घेतले पाहिजे. उदाहरणासाठी जुनिपरचे कोवळे रोप व ‘केंगाई’ हा प्रकार घेऊ.

जुनिपर हे थंड प्रदेशातले सदाहरित झाड. आयुर्वेदातील हपुषा याच जातकुळीतली. कड्याच्या कपारीत उगवलेले झाड बर्फाच्या व स्वतःच्या भाराने खाली झुकते, त्याचे कुंडीतले रूप म्हणजे केंगाई. शेंडा कुंडीच्या बुडाखाली उतरला तर केंगाई. काठाखाली पण बुडाच्या वर राहिला तर ‘हान-केंगाई’, म्हणजे अर्धे. हे रूप आपल्याला परके नाही. जुन्या विहिरीच्या बांधकामात उगवून पाण्याकडे लोंबणारा पिंपळ आपण सर्वांनी पाहिला आहे.

रोप पेन्सिलीएवढे जाड व लवचीक असावे. कुंडी उंच व जड हवी, नाही तर तोल जातो. अ‍ॅल्युमिनियमची तार खोडाच्या साधारण एक तृतीयांश जाडीची घ्यावी. तिचे एक टोक मातीत खोल रोवून बुंध्यापासून शेंड्याकडे ४५ अंशांच्या तिरकसाने वेढे द्यावेत. वेढा सैल नको, काचणारा नको. नंतर अंगठे टेकवून खोड हळूहळू वळवावे. बाकाच्या बाहेरच्या अंगाला वेढा आला पाहिजे. तसे नसेल तर साल फाटते. पाला एकदम ओरबाडू नये. पूर्ण उघडी केलेली जुनिपरची फांदी सहसा वाळून जाते.

वाकवलेले खोड तसेच का राहते? खोड जाड होताना नव्या लाकडाचे थर बसतात आणि तेच बाक पक्का करतात. पण झाडही गप्प बसत नाही. झुकलेल्या खोडाच्या खालच्या बाजूला जुनिपर वेगळे दाट लाकूड घडवते व स्वतःला वर ढकलू पाहते. म्हणून तार काही महिने ठेवावी लागते. ती सालीत रुतण्यापूर्वी तुकडे करून काढावी. उलगडत बसल्यास फांदी मोडण्याची भीती असते. पुढेही वरचे कोंब आवरते ठेवून खालच्या शेंड्याला मोकळीक द्यावी लागते.

आता छळाचा प्रश्न. कारंज्याच्या परिसरात संत्र्याच्या बागा आहेत. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी बंद करून आपण झाडाला ताण देतो. त्याला कोणी छळ म्हणत नाही, कारण ताण केव्हा तोडायचा हे शेतकऱ्याला ठाऊक असते. तारेचेही तसेच आहे. जपानमधील यामाकी कुटुंबाच्या पाइनच्या बोन्सायला १६२५ पासून वळण दिले जात आहे. १९४५ साली हिरोशिमाच्या अणुस्फोटातून ते वाचले आणि १९७६ साली अमेरिकेला भेट म्हणून गेले. छळलेले झाड इतकी शतके जगेल, असे मला वाटत नाही.

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तेव्हा जुनिपर जपणे कठीण. ज्यांना हात बसवायचा आहे त्यांनी पिंपळाच्या किंवा उंबराच्या रोपापासून सुरुवात करावी. मात्र ही झाडे झपाट्याने वाढतात, त्यामुळे तार लवकर रुतते. दर आठवड्याला वेढे तपासणे ज्याला जमणार नाही, त्याने तार घालूच नये.