कमरेखालून गेला म्हणजे संसार गेला?

प्रश्न : आमच्याकडे चिंचेवरून, मोहावरून पडून मणका मोडल्याचे प्रकार होतात. माणूस कमरेखालून गेला की गाव लगेच निकाल देऊन टाकतं : 'आता त्याचा संसार संपला.' मग बायकोच्या माहेरची माणसं येतात आणि तिला घेऊन जातात. डॉक्टरांना हे विचारायची कुणाची हिंमत होत नाही, म्हणून तुम्हाला विचारतो. अशा माणसाला शरीरसंबंध खरंच जमत नाही का? मूल होऊ शकतं का? बायकोनं काय करावं?
– एक वाचक, चोरखमारा (ता. तिरोडा, जि. गोंदिया)

उत्तर : गावाचा निकाल घाईचा आहे. पाय चालवणाऱ्या नसा वेगळ्या आणि लिंगाला ताठरता आणणाऱ्या वेगळ्या. शिवाय ताठरता येण्याच्या वाटा दोन आहेत. मनात इच्छा आली की मेंदूचा निरोप छातीच्या शेवटच्या आणि कमरेच्या पहिल्या मणक्यांच्या पातळीवरून खाली जातो. स्पर्शाचं काम मात्र मज्जारज्जूच्या अगदी तळाशी परस्पर उरकतं, त्याला मेंदू लागत नाही. तलावाचा कालवा फुटला तरी शेतातल्या बोडीत पाणी असतंच, तसं. म्हणून मान किंवा छातीच्या पातळीवर इजा झालेल्या पुष्कळ पुरुषांना नुसत्या विचारानं नाही, पण स्पर्शानं ताठरता येते. इजा अगदी खाली असेल तर उलटंही घडतं. मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नसेल तर आणखी बरंच काही शाबूत राहतं.

ताठरता टिकत नाही, ही नेहमीची तक्रार. त्यावर सिल्डेनाफिलची गोळी अनेकांना लागू पडते, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आणि ही गोळी एकत्र आल्या तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. बाजारातल्या 'ताकदीच्या' पुड्यांबद्दल मी बोलतही नाही.

सुखाचं काय? जिथं संवेदना संपते त्या सीमेवरची कातडी, मान, कान, ओठ हे भाग इजेनंतर पुष्कळांना जास्त जाणवू लागतात. कुठं काय जाणवतं हे नवराबायकोनं सावकाश, हातानं शोधायचं असतं. पूर्वीसारखंच झालं पाहिजे हा हट्ट सोडला की अर्धं काम होतं. काही जणांना कमरेखाली बधिर असूनही परमसुखाचा अनुभव येतो.

आता ज्या गोष्टीला लोक सगळ्यात जास्त लाजतात ती : लघवी. आधी मूत्राशय रिकामं करावं, तासदोन तास पाणी बेतानं प्यावं, शौचाची वेळ ठरलेली असावी. नळी कायम बसवलेली असेल तर पुरुषानं ती दुमडून लिंगालगत घ्यावी आणि वरून कंडोम चढवावा. बाईनं ती पोटाला किंवा मांडीला चिकटपट्टीनं लावावी. तरी कधी थेंब गळलेच, तर शेजारी टॉवेल ठेवलेला असला की झालं. नंतर ढुंगण, टाचा, पाठ उजेडात पाहून घ्यावी. बधिर कातडी घासली तरी कळत नाही आणि तिथंच बेडसोअर सुरू होतो.

एक धोका मात्र पाठ करून ठेवा. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा तिच्या वर असेल आणि मध्येच डोकं ठणकायला लागलं, घाम फुटला, चेहरा लाल झाला, तर तिथल्या तिथं थांबायचं. त्याला उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, लघवी तुंबली आहे का पाहायचं. उतार पडला नाही तर सरळ दवाखाना गाठायचा, कारण रक्तदाब भयंकर चढलेला असतो. त्या दिवशी सिल्डेनाफिल घेतली असेल तर तिथं आधी तेच सांगायचं.

मूल होऊ शकतं. पुरुषाची अडचण बहुधा वीर्य बाहेर येण्याची असते. कधी ते उलटं मूत्राशयात जातं. कंपन देणाऱ्या यंत्रानं ते मिळवता येतं. इजा छातीच्या दहाव्या मणक्याच्या वर असेल तर हा उपाय जास्त लागू पडतो, फक्त पहिली खेप डॉक्टरांसमोर. तेही न जमलं तर सुईनं शुक्राणू काढतात.

तुमच्या पत्रात पडतो तो पुरुषच. बाई पडली तर नवरा दुसरी करून मोकळा होतो आणि गाव त्याला जाबसुद्धा विचारत नाही! तिची पाळी काही महिन्यांत परत येते आणि दिवस राहू शकतात, म्हणून नको असेल तर गर्भनिरोधन हवंच. मात्र रक्ताच्या गाठीचा धोका असल्यानं गर्भनिरोधक गोळ्या मनानं सुरू करू नयेत. ओलावा कमी पडतो, त्यावर पाण्यात विरघळणारी जेली असते. आणि मूल नकोच म्हणून घरच्यांनी परस्पर तिची नसबंदी उरकणं बेकायदा आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं दहावं कलम तिच्या संमतीशिवाय असं काही करू देत नाही. कुटुंबनियोजनाची माहिती मिळणं हाही त्याच कलमातला हक्क आहे.

डॉक्टरांना विचारायला लाज वाटते हे खरं. र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' या मासिकातून वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरं द्यायचे, तर 1934 साली त्यांच्यावर खटला चालला. कोर्टात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली होती. आजही पुष्कळ डॉक्टर आपणहून विषय काढत नाहीत. पाठीचं, लघवीचं, जखमांचं सांगून घरी पाठवतात.

बायकोचं म्हणाल, तर तिनं परत यावं की नाही हे मी ठरवणार नाही, गावानंही ठरवू नये. तिला कुणी विचारलं का, एवढंच मला पत्रात दिसलं नाही. दिवसभर नळ्या बदलणारी, कूस वळवणारी बाई रात्री बायको होऊ शकत नाही, ही तिची अडचण खरी असते. आंघोळ, शौच यांतलं काही काम भावानं किंवा आईनं उचललं तर दोघांमध्ये नवराबायकोपण उरायला जागा होते.

तिरोड्याहून गाडीनं नागपूरला जाता येतं. तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात पुनर्वसन विभाग किंवा मूत्ररोगतज्ज्ञ विचारावा. मुंबईत हाजीअलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. इजा कितव्या मणक्याला, पूर्ण की अर्धवट, हे लिहिलेला डिस्चार्जचा कागद सोबत न्यावा, प्रश्न चिठ्ठीवर लिहून न्यावेत. आत नवराबायकोनंच जावं, सोबत आलेल्या भावानं बाहेर बाकावर बसावं.