मुक्काम शेंडेनक्षत्र

मुलांनो, आकाशात कधीतरी लांब शेपटीचा तारा दिसतो. पुस्तकात त्याला धूमकेतू म्हणतात. जुनी माणसे मात्र त्याला शेंडेनक्षत्र म्हणत. शेंडी असलेले नक्षत्र, म्हणून शेंडेनक्षत्र!

फ्रान्स देशात ज्यूल व्हर्न नावाचे एक मोठे लेखक होऊन गेले. त्यांनी अशाच एका धूमकेतूवर कादंबरी लिहिली. ती १८७७ साली प्रसिद्ध झाली. धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जमिनीचा एक तुकडा माणसांसकट आपल्याबरोबर नेतो, अशी ती गोष्ट. आहे की नाही मजेदार? पण ती फ्रेंच भाषेत होती. मराठी मुलांनी ती कशी वाचायची?

हे काम भा. रा. भागवत यांनी केले. त्यांचे पूर्ण नाव भास्कर रामचंद्र भागवत. त्यांचा जन्म ३१ मे १९१० रोजी इंदूर येथे झाला. व्हर्न तर १९०५ सालीच वारले होते. दोघांची भेट कधीच झाली नाही. तरी व्हर्न यांच्या गोष्टी भागवतांनी मराठी मुलांच्या हाती दिल्या.

मूळ कादंबरीला तिच्या नायकाचे नाव होते. ते परके नाव मुलांना काय सांगणार? भागवतांनी नाव दिले, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’. पत्रावर आपण ‘मुक्काम पोस्ट’ लिहून गावाचे नाव घालतो ना? तसेच हे. त्या माणसांचे गाव आता शेंडेनक्षत्र! दोन शब्दांत सारी गंमत कळते. भाषांतर म्हणजे एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द ठेवणे नव्हे. परकी गोष्ट आपल्या घरची वाटली पाहिजे.

तोफेतून चंद्राकडे निघालेल्या माणसांची गोष्टही व्हर्न यांनी १८६५ साली लिहिली. भागवतांच्या मराठी पुस्तकाचे नाव ‘चंद्रावर स्वारी’. माणसाने चंद्रावर खरोखर पाऊल ठेवले ते १९६९ साली!

भागवतांनी स्वतःच्याही कितीतरी गोष्टी लिहिल्या. त्यांचा फास्टर फेणे तुम्हांला ठाऊक असेल. फुरसुंगीचा हा किडकिडीत मुलगा सायकल घेऊन संकटात धाव घेतो आणि तोंडाने ‘ट्टॉक्’ असा आवाज काढतो. मुलांसाठी भागवतांनी ‘बालमित्र’ नावाचे मासिकही चालवले. २००१ साली ते वारले. फास्टर फेणेची सायकल मात्र अजून धावतेच आहे.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी घरी अहिराणी बोलत असेल, कोणी गोंडी, कोणी कन्नड. आजी त्या भाषेत गोष्टी सांगते. त्या लिहून ठेवल्या नाहीत, तर आजीबरोबरच संपून जातील. आज घरी गेल्यावर आजीला एक गोष्ट विचारा. ती मराठीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा. एखादा शब्द अडला, तर थांबा, विचार करा. शेंडेनक्षत्रासारखा छान शब्द तुम्हांलाही सापडेल.

स्वाध्याय
१. धूमकेतूला शेंडेनक्षत्र का म्हणत?
२. भागवतांनी कादंबरीचे नाव का बदलले?
३. तुमच्या घरच्या बोलीतील पाच शब्द मिळवा. त्यांचे मराठी अर्थ लिहा.