खरड छाटणी आणि काळोखी रात्र

आजचा शास्त्रभाग : योहान १५:१-८



गेल्या आठवड्यापासून आपण ख्रिस्ती गूढवादी परंपरा थोडी थोडी समजून घेतोय. ‘गूढ’ शब्द ऐकला की आमच्या पेठकडे लोकांना भगताचं घुमणं आठवतं, आणि मंडळीतली माणसं जरा मागे सरकतात. पण या परंपरेचं मूळ आजच्या भागातल्या एका साध्या क्रियापदात आहे : राहणे. प्रभू शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांना हेच पुन्हा पुन्हा सांगतो. त्याच्यात राहायचं, आणि तो आपल्यात राहील. गूढवादी म्हणजे हे वाक्य शब्दशः खरं धरून चालणारी माणसं.

आपल्या मातीत असा माणूस पाहायचा तर नारायण वामन टिळक. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, म्हणजे घरचेच म्हणा ना! तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. १८९३ साली रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या ‘अभंगांजली’त ख्रिस्ताशी एकरूप होण्याची ओढ वारकरी चालीतच येते. हे सगळं आपण कौतुकाने सांगतो. पण बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षं नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे होती. तो काळ दोघांनाही किती जड गेला, हे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त वाचावं. तो भाग मात्र आपण घाईने उलटतो.

आता वचन २. फळ न देणारा फाटा काढून टाकतात, हे समजतं. पण फळ देणाऱ्यालाही कात्री लागते, ती का? मूळ ग्रीकमध्ये इथलं छाटणं आणि वचन ३ मधलं शुद्ध असणं, हे एकाच धातूतले शब्द आहेत. मला हे पाठ होतं. पटलेलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. त्यानंतर माझी प्रार्थना कोरडी पडली. पहाटे उठायचे, शास्त्र उघडायचे आणि अर्धा तास भिंतीकडे बघत बसायचे. विश्वास संपला की काय, ही धास्ती मी कोणाला बोलले नाही. त्याच दिवसांत स्पेनच्या क्रुसाच्या संत योहानाबद्दल (१५४२-१५९१) वाचत होते. १५७७च्या डिसेंबरात त्याच्याच संघातल्या बांधवांनी त्याला टोलेडोला कोंडलं. पुढच्या ऑगस्टपर्यंत तो एका अरुंद खोलीत होता. त्याच्या म्हणण्याचा सार असा : प्रार्थनेतली गोडी आटते तेव्हा देव गेलेला नसतो, आपण गोडीला धरून बसलेलो असतो, देवाला नाही. तो याला रात्र म्हणतो. मला वाटलं, संतांना म्हणायला ठीक आहे!

मग आमच्या संध्याकाळच्या सहभागितेत हाच भाग निघाला. एक बाई दरवर्षी पिकअपने दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला जाते. ती म्हणाली, “ताई, एप्रिलात खरड छाटणी करतो ना, तेव्हा काडी एका डोळ्यावर आणतो. बाग नुसती ओंडक्यासारखी दिसते. मग पाला फुटतो, पण घड नाही. मालक पाणीबी कमी करतो.”

“पाणी का कमी?”

“घड तेव्हाच धरतो. आत, डोळ्यात. दिसत नाही. ऑक्टोबरात छाटलं की बाहेर येतो.”

नंतर मी एका बागायतदाराला विचारलं. त्याने हे खरं असल्याचं सांगितलं. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत डोळ्याच्या आत सूक्ष्म घड तयार होतो, आणि पुढच्या हंगामात किती माल येणार हे बरंचसं त्या कोरड्या दिवसांत ठरतं. (यहूदीयात वेल थंडीत झोपतो, तिथे मुख्य छाटणी तेव्हाच. एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या ही आपल्याकडची रीत; प्रभूच्या शिष्यांना ती ठाऊक नसणार.)

माझी कोरड त्या रात्री गेली नाही. अजूनही काही पहाटे तशाच जातात. फक्त एप्रिलच्या बागेत घड शोधणं मी सोडलं.

बाराव्या शतकातल्या गीगो नावाच्या मठवासीयाने शास्त्राभ्यासाची चार पायऱ्यांची शिडी सांगितली आहे : वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग नुसतं देवासमोर असणं. आज वचन ४ एवढंच घ्या. तीनदा सावकाश वाचा. एखादा शब्द अडला तर तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. काही वाटलं नाही तरी दहा मिनिटं बसा.

उद्या वचन ९ ते १७.